ताईचे पाय

उड्डाणपुलाचा चढ अर्ध्यावर आला आणि मागचे पाय गेले. गेले म्हणजे थांबले नाहीत. टँडेमवर, म्हणजे दोघांनी एकामागे एक बसून चालवायच्या त्या लांबलचक सायकलवर, मागच्याला पाय थांबवताच येत नाहीत. पुढची आणि मागची पेडलं एका साखळीनं जोडलेली असतात; पुढची फिरली की मागची फिरणारच. ताईचे पाय फिरत होते, फक्त त्यांच्यातला जोर निघून गेला होता. बारकीला ते आधी मांड्यांत कळलं, मग कमरेत. दोघांनी मिळून कपाट जिन्यावरून वर न्यावं आणि मधल्या वळणावर दुसऱ्यानं हात नुसते लावून ठेवावेत, तसं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. ज्याच्या खांद्यावर वजन येतं त्यालाच कळतं. शेजारून मालाचा एक ट्रक घरघरत वर गेला, गरम धुराचा झोत पोटऱ्यांवर आला, आणि ती दात आवळून एकटीनंच दोघींना वर ओढत राहिली. पुलाचा माथा आला. पुढे उतारावर, जिथे जोराची काही गरजच नव्हती, तिथे ताईचे पाय परत आले. "दमलीस का गं?" ताईनं मागून विचारलं. "नाही," बारकी म्हणाली. तूच पाय सोडलेस, हे वाक्य तोंडात तयार होतं, पण ताईला उलट बोलायची वाक्यं तिच्या तोंडात नेहमी तयारच असायची आणि तिथेच विरून जायची.

बारकी हे नाव तिला मिळालं तेव्हा ती खरोखरच बारकी होती. आता साठीला आली होती, अंगानं चांगली भरली होती, कुणाची काकू आणि कुणाची आत्या झाली होती, पण ताईच्या तोंडी बारकी ती बारकीच. ताई आठ वर्षांनी मोठी. जन्मभर सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवत आलेली बाई. गळ्यात शिट्टी आणि तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा आवाज. शहरातली निम्मी माणसं बुडत नाहीत ती माझ्यामुळे, असं ती म्हणायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. फक्त सख्खी बहीण तेवढी शिकायची राहिली. पोरवयात एकदा तलावात पोटाखाली ताईचा हात होता, थंड पाण्यात तेवढीच एक ऊबदार जागा होती, बारकी पाय मारत होती आणि ताई "छान, छान" म्हणत होती. मग न सांगता तो हात गेला. इतर सगळी मुलं त्या क्षणी पोहायला लागायची. ताईची ती पद्धतच होती. बारकी सरळ खाली गेली. पाण्याखालचा तो हिरवा, बहिरा क्षण तिच्या अंगात कुठेतरी तसाच राहून गेला होता. बाकी आयुष्यात तिला पुष्कळ गोष्टी उशिरा कळल्या, पण कुणी आधार काढून घेतला तर ते तिला लगेच कळायचं.

ताईचे डोळे गेले ते मधूनच गेले. पुरते नाही. कडेचं सगळं शाबूत, आणि जिथे बघायचं नेमकं तिथे एक करडा डाग. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. घड्याळाचे काटे दिसायचे नाहीत, घड्याळाची चौकट दिसायची. तलावावर जाणं बंद झालं, आणि वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत ताई अख्खा हिवाळा खिडकीशी बसून राहिली. बारकी जेवणाचा डबा घेऊन वर जायची तेव्हा ती मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बहिणीकडे बघायची, आणि त्या तिरक्या बघण्यात एक संशय आहे असं उगाच वाटायचं. ही टँडेम कॅप्टनची. कॅप्टन कधीच कॅप्टन नव्हता. तो जहाजावर स्वयंपाकी होता, पण त्याच्याकडे बघून दुसरं काही म्हणवत नसे. रविवारी सकाळी तो आपल्यासारख्याच पाच-सहा पिकलेल्या सायकलवाल्यांना घेऊन गावाबाहेर जायचा. त्याच्या बायकोचे गुडघे गेल्यापासून टँडेम गॅरेजमध्ये पडून होती. बारकीनं ती मागून आणली, ताईला खिडकीतून उठवलं आणि मागे बसवलं. "मला मागे बसून काय दिसणार?" ताई म्हणाली होती. बारकी म्हणाली होती, "मागे बसून कुणालाच काही दिसत नाही. माझी पाठ दिसते." त्यावर ताईनं हात पुढे करून ती पाठ चाचपली. मग म्हणाली, "तुझी पाठ एवढी रुंद आहे की मधली गेली तरी कडा शिल्लक राहते." हिवाळ्यात पहिल्यांदा ती हसली होती. बारकीला त्या हसण्यासाठी आपली पाठ आणखी रुंद करायला हरकत नव्हती.

आणि आता ते सगळे देश ओलांडायला निघणार होते. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. उन्हाळा लागला की निघायचं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत पोचायचं. सराव वाढला होता. रविवारी आता दुपार व्हायची परत यायला. बारकीचा नवरा दारात उभा राहून म्हणायचा, "आली का आगगाडी?" आणि सायकल जिन्याखाली लावायला मदत करायचा. पुलाच्या त्या दिवशी त्यानं बायकोचं तोंड बघितलं आणि विचारलं, "भांडलात वाटतं?" "नाही." "मग तोंड असं का केलंस? दोन बहिणी एका सायकलवर, म्हणजे भांडायला दुसरीकडे जायला नको." ताई वर निघून गेली होती. तिची पावलं जिन्यावर वाजत होती, एकेक पायरी नीट, एकसारखी. बारकी कान देऊन ऐकत राहिली. मधे कुठे थांबते का, धाप लागते का. आई अशीच गेली होती. हसतखेळत. छातीत दुखतंय हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि ताई सगळ्या बाबतीत आईवर गेलेली.

दुसऱ्या दिवशी कामावर ते पाय तिच्या डोक्यातून जाईनात. दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत ती अजून अर्धा दिवस जायची. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, घासायच्या यंत्राची बारीक कुरकुर, तोंडावर मुखपट्टी. बोलायची सोय नाही आणि गरजही नाही. हे काम तिला म्हणूनच आवडलं होतं. वरची आणि खालची कवळी एकमेकींवर ठेवून ती निळ्या कागदाचा तुकडा मधे घालून दाबायची. जिथे जास्त दाब येतो तिथे निळा ठिपका उठतो. मग तेवढंच घासायचं. पुन्हा दाबायचं. माणसाला वाटतं आपण दोन्हीकडून सारखं चावतो. तसं कुणीच चावत नाही. तिच्या मनात आलं, ताईचं हृदय असेल. नाहीतर पायच थकले असतील, आणि ती लपवते आहे, कारण कळलं तर कॅप्टन तिला नेणार नाही. आणि मग, यंत्र बंद करून ती मेणाचा चुरा फुंकत असताना, त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला: नेणार नाही तर बरंच. तो विचार इतक्या सहज, घरचाच असल्यासारखा आत आला की तिनं दचकून आजूबाजूला बघितलं. सरावाच्या पहिल्या आठवड्यापासून तिला एकच चित्र दिसत होतं. मोठा रस्ता, मागून येणारं काहीतरी, आणि हँडल आपल्या हातात. आपलं एकटीचं काही झालं तर होवो. पण मागे ताई असणार. आयुष्यभर जिनं हिचा हात धरून रस्ता ओलांडला, तिला ही मागे बसवून, जे तिला दिसत नाही त्याच्यात घेऊन जाणार. आणि ताई निश्चिंत. निदान मागून गुणगुणणं तरी तसंच ऐकू यायचं.

त्यानंतर ती लक्ष ठेवायला लागली. पाय पुन्हा गेले. एकदा नदीकाठच्या रस्त्यावर, एकदा बाजाराच्या चौकात, एकदा सपाट सरळ रस्त्यावर, जिथे चढाचं नाव नव्हतं. तेव्हा हृदयाचं गणित चुकलं. मग तिला राग यायला लागला. ताई मजा करते आहे, बारकीला जोखते आहे, तलावासारखं. बघू या सोडून, तरते का. रागात ती जोरात पेडल मारायची, मागून ताई "हळू गं, गाढवं मागे लागल्यासारखी काय चाललीस" म्हणायची, आणि राग आणखी वाढायचा. संध्याकाळी मात्र वर डबा नेताना तिला ताईच्या पायांकडे बघवायचं नाही. पलंगावर पसरलेले, पोहून पोहून घडवलेले, अजून सरळ असलेले ते पाय. ताई त्यांना तेल चोळत बसलेली असायची. "काय बघतेस?" ती विचारायची. दिसत नसताना तिला हे कसं कळायचं कोण जाणे. "काही नाही. जेवून घे." "तू आजकाल फार कमी बोलतेस बारके. आधीच कमी बोलायचीस, आता दुष्काळच पडलाय."

शेवटचा मोठा सराव दोन दिवसांचा होता. शनिवारी जायचं, लांबच्या एका धरणाजवळ मुक्काम करायचा, रविवारी परत. जाताना वारा पाठीशी होता, सगळे खुशीत होते, आणि कॅप्टननं रात्रीच्या जेवणाला स्वतः सूप केलं. परतीला वारा तोंडावर आला. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडं माळरान, आडोसा म्हणून एक झाड नाही. बाकीचे हळूहळू पुढे गेले. त्यांचे रंगीत सदरे लहान होत होत वळणापलीकडे गेले. ट्रकांची रांग लागली होती. एक जवळून जायचा, वारा क्षणभर अडायचा, मग थोबाडीत मारल्यासारखा परत यायचा, आणि सायकल हातभर बाजूला सरकायची. आणि नेमके तेव्हाच ताईचे पाय गेले. परत आले. पुढचा ट्रक आला, पुन्हा गेले. बारकीच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. तोंडात धुळीची चव होती. तिला एकाएकी वाटलं, हे आता होणार नाही. पुढच्या ट्रकाच्या वेळी हँडल हातात राहणार नाही. पुढे रस्त्याच्या कडेला एका मोरीचा बुटका कठडा दिसला. ती तिथपर्यंत गेली आणि सायकल थांबवली.

"काय झालं? पंक्चर?" ताईनं विचारलं.

"उतर."

ताई उतरली. बारकीनं सायकल कठड्याला टेकवली. "तू पाय का सोडतेस?" ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "किती दिवस झाले, मी बघतेय. छातीत दुखतं का तुझ्या? आईसारखं काही लपवत असशील तर आत्ता सांग. आणि गंमत करत असशील तर तेही सांग. मी तलावातली पोरगी नाही आता."

ताई कठडा हातानं चाचपून त्यावर बसली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. घामानं चिकटलेल्या तिच्या पांढऱ्या केसांतून वारा जात होता. बारकीला वाटलं, आता शिट्टीसारखा आवाज येणार. पण ताई खाली बघत म्हणाली, "तुला कळत होतं होय?"

"मला कळणार नाही तर कुणाला?"

"मला वाटलं, फिरताहेत ना पाय, बास." मग ती म्हणाली, "मी घाबरते गं."

बारकीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ताई आणि घाबरणं हे दोन शब्द तिनं कधी शेजारी शेजारी ऐकले नव्हते.

"ट्रक येतो ना, तो मला कडेनं दिसतो," ताई म्हणाली. ती हातानं दाखवत होती, कानाशेजारून पुढे. "एकदम. भिंत चालून यावी तसा. आणि समोर गेला की नाहीसा होतो. त्या डागात जातो. गेला पुढे, का आपल्यावर वळला, का आपणच त्याच्या खाली शिरलो, काही कळत नाही. बाहेर येईपर्यंत मी मेलेली असते. पायांना सांगते, दाबा. ते ऐकत नाहीत. आणि तू तर एक अक्षर बोलत नाहीस. तुझी पाठ नुसती हलत असते."

"मग गुणगुणतेस काय मागे बसून?"

"घाबरते म्हणूनच गुणगुणते. काय करू, शिट्टी वाजवू?"

"मग आधी का नाही बोललीस? का येतेस एवढ्या लांब?"

"तुझ्यासाठी," ताई म्हणाली. "तू कधी काही मागितलं नाहीस कुणाकडे. कॅप्टननं विचारलं, येणार का तुम्ही दोघी, तेव्हा तू नाही म्हणाली नाहीस. म्हटलं, हिला जायचंय. आता मी मोडता घातला तर ही पुन्हा त्या दातांत जाऊन बसेल."

"तू नाही म्हणशील याची मी वाट बघत होते," बारकी म्हणाली. "मला वाटलं, तुला जायचंय. खिडकीतून उठलीस, हसायला लागलीस. मला रोज वाटतं, माझ्या हातून तुला काहीतरी होणार. मी देवाला सांगत होते की हिचे पाय थकू देत."

ताईनं मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. बारकीला वाटलं, आता ही दुखावली. पण ताईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, पोट धरून. "कसली सख्खी बहीण मिळाली आहे," ती म्हणाली. आणि मग बारकीलाही हसू आलं. छातीवर आठवडे न् आठवडे बसलेलं काहीतरी उठून रस्त्यापलीकडे निघून गेलं. ती ताईशेजारी कठड्यावर टेकली. ट्रक जात होते, वारा होता, धूळ होती, सगळं होतं तसंच होतं, आणि तिला श्वास पोटापर्यंत घेता येत होता. घट्ट चपला काढल्यावर पायाची बोटं एकेक करून सुटी व्हावीत तसं तिचं अंग सुटं होत होतं. जायचं नाही. कुठेच जायचं नाही. उन्हाळाभर घरी बसायचं. दोघी बाटलीतलं कोमट पाणी आळीपाळीनं प्यायल्या.

पण घरी तर जायचं होतंच, आणि त्याला दुसरा रस्ता नव्हता. "बोलत राहा," मागे बसताना ताई म्हणाली. "काय वाट्टेल ते, पण बोल." बारकीला सुरुवातीला लाज वाटली. रिकाम्या घरात मोठ्यानं वाचल्यासारखं वाटत होतं. "ट्रक येतोय," ती म्हणाली. "मागून. मोठा आहे. आला. शेजारी आहे. चाकं दिसताहेत. गेला. गेला पुढे." मागचे पाय डळमळले, पण सुटले नाहीत. "दुसरा येतोय. हा लहान आहे, कोंबड्यांचा. गेला." "कोंबड्यांचा वास आला मला," ताई म्हणाली. "खड्डा. उजवीकडून काढते. पुढे चढ आहे, बेताचा. दाब आता." आणि ताईनं दाबलं. बारकीला ते कमरेत जाणवलं, पाठीच्या कण्यातून वर आलं. सायकल एकदम हलकी झाली, जिवंत झाली. तिनं आत्तापर्यंत ताईला वजनासारखं ओढलं होतं, आणि मागे पोहणाऱ्या बाईचे दोन अख्खे पाय होते. ती बोलत सुटली. दिसेल ते सांगत सुटली. पिवळा बोर्ड, मोडकं कुंपण, तारेवर बसलेले पक्षी, आपल्याकडे बघून भुंकावं की नाही याचा विचार करणारं कुत्रं. "कुत्री-बित्री सांगू नकोस, खड्डे सांग," ताई ओरडली. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं, मग भुंकलं का ते?"

कॅप्टन शहराच्या वेशीवर वाट बघत थांबला होता. काळजीनं त्याचं तोंड उतरलं होतं. "मी आता मागे येणारच होतो," तो म्हणाला. "काय ठरवताय तुम्ही दोघी? जमणार आहे ना? नसेल तर आत्ता सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही."

ताई म्हणाली, "हिला विचारा. ही पुढे बसते."

बारकी हँडल धरून उभी होती. मोरीच्या कठड्यावर ठरलेलं उत्तर सोपं होतं, एका शब्दाचं. ते तिनं शोधलं, आणि ते जिथे ठेवलं होतं तिथे सापडलं नाही. घसा बोलून बोलून कोरडा पडला होता. "जमेल," ती म्हणाली. आपण हे म्हणतोय याचं तिला नवल वाटलं, पण भीती वाटली नाही. "पण मोठ्या रस्त्यानं नाही. आम्ही आतल्या रस्त्यांनी येऊ. लांब पडेल. तुम्ही आमच्यासाठी थांबू नका, मुक्कामाला भेटू. नाही पोचलो तर फोन करू."

"तुम्ही सगळ्यांच्या मागे पडाल," कॅप्टन म्हणाला.

"पडू की," बारकी म्हणाली. मागे ताईनं घसा खाकरला.

निघायच्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापली मागची चाकं समुद्रात भिजवली; पुढची दुसऱ्या समुद्रात, पोचल्यावर भिजवायची होती. टँडेम लांब असल्यामुळे ती वाळूत नेताना सगळ्यांची त्रेधा उडाली आणि ताईचे बूट ओले झाले. बारकीच्या नवऱ्यानं सगळ्यांचे फोटो काढले. मग कॅप्टन आणि मंडळी मोठ्या रस्त्याला लागली आणि या दोघी पहिल्या फाट्यावर डावीकडे वळल्या. रस्ता अरुंद होता, मधे मधे उखडलेला. बारकी खड्डे सांगत होती, भिंती सांगत होती, भिंतीवरची मांजरं सांगत होती. भीती पुरती गेली नव्हती. लांबून इंजिनाचा आवाज आला की तिचे खांदे वर जायचे. पण ती त्या आवाजाचं नाव मोठ्यानं घ्यायची, मागून ताई "हं" म्हणायची, आणि दोघींचे पाय चालू राहायचे. उन्हं वर आली. घरं संपली.

"डावीकडे शेत आहे," बारकी म्हणाली.

"कसलं?"

"कुणास ठाऊक. उंच आहे, आणि वरून जांभळं. मला ओळखू येत नाही."

"मग थांब की," ताई म्हणाली. "कोण मागे लागलंय आपल्या?"

बारकीनं ब्रेक दाबला. दोघींनी पाय टेकवले. ताई उतरून रस्त्याच्या कडेपर्यंत गेली आणि मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, शेताकडे बघत उभी राहिली. बारकी सायकल धरून गप्प उभी होती. तिला काहीच घाई नव्हती. ताईला काय दिसतंय ते ताई सांगेल, याची ती वाट बघत होती.